जुना व्हीसीआर घ्यावाच

नालासोपारा पूर्वेला तुळिंज रोडच्या आजूबाजूला भंगारवाल्यांकडे व्हीसीआर आणि नुसत्या कॅसेट वाजवणारे व्हीसीपी अजून दिसतात. कुणी घर बदललं, कुणाची इमारत रिकामी झाली की माळ्यावरचं सामान सगळ्यात आधी बाहेर निघतं. भंगारवाला ते वजनावर घेतो आणि कुणी मागितलंच तर काही शे रुपयांत देऊन टाकतो. असं यंत्र विकत घ्यावं का, असं विचारलं तर बहुतेक लोक वेड्यात काढतात. माझं मत त्यांच्या उलट आहे. घरात आपल्याच माणसांच्या व्हीएचएस कॅसेट असतील तर व्हीसीआर घ्यावा, आणि लवकरात लवकर घ्यावा. तशा कॅसेट नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. दोन्ही वाक्यं मी सारख्याच ठामपणे लिहितो आहे, कारण विरोधक पहिल्यावर हल्ला करतात आणि या यंत्रांचे हौशी चाहते दुसऱ्यावर.

पहिला आक्षेप असा की, फॉर्मॅटच मेला आहे. ही वस्तुस्थिती आहे. व्हीएचएस १९७६ साली जपानच्या जेव्हीसीने आणला. त्याआधी वर्षभर बाजारात आलेला सोनीचा बीटामॅक्स त्याच्यापुढे हरला. पुढे डीव्हीडी आली आणि व्हीएचएसचीही पाळी आली. २०१६ च्या जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. मोठ्या प्रमाणावर ते बनवणारी ती शेवटची कंपनी होती. म्हणजे आज जगात जेवढे चालू व्हीसीआर आहेत त्यांत नव्याची भर पडणार नाही. आक्षेप घेणारे यावरून म्हणतात, मग घ्यायचा कशाला? मी म्हणतो, नेमका म्हणूनच घ्यायचा. यंत्रं संपत चालली आहेत, कॅसेट मात्र घराघरांत पडून आहेत. युनेस्कोने २०१९ मध्ये ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला तो याच काळजीने. टेप शाबूत असली तरी ती वाजवणारं यंत्र मिळणार नाही, अशी वेळ २०२५ च्या सुमारास येईल, असा इशारा जगभरचे जतनकार देत होते. ते वर्ष येऊन गेलं आहे.

दुसरा आक्षेप ऐकायला जास्त शहाणा वाटतो. २००८ चं उदाहरण द्यायचं आणि म्हणायचं, मेलेल्या फॉर्मॅटचा स्वस्त माल ज्यांनी घेतला ते फसले. तेव्हा ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची लढत चालू होती. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली. जेमतेम दोन वर्षांचा तो फॉर्मॅट तिथेच संपला आणि अमेरिकेत त्याची यंत्रं मातीमोल भावात विकली गेली. घ्यावीत की नाहीत, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. साध्या डीव्हीडीही त्यावर चालत, त्यामुळे घेणाऱ्यांच्या पैशांचं अगदीच पाणी झालं नाही. तरी ‘नको’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा रास्त होता, कारण त्या तबकड्यांवर होते ते स्टुडिओंचे चित्रपट. ते डीव्हीडीवर होते, ब्लू-रेवर आले, आज हवे तिथे मिळतात. यंत्र गेलं तरी चित्रपट राहिला. तुळिंजच्या एखाद्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर ठेवलेल्या लग्नाच्या कॅसेटची गोष्ट तशी नाही. तिची दुसरी प्रत कुठेच नाही. त्यामुळे फॉर्मॅट जिवंत आहे की मेला, हे विचारून काही कळत नाही. त्यात जे साठवलं आहे ते दुसरीकडे आहे का, एवढंच विचारायचं असतं.

याच कसोटीवर मी चाहत्यांनाही नाही म्हणतो. सिनेमे बघण्यासाठी व्हीसीआर घेऊ नका. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घरांत शिरू लागले; मग व्हीसीआर भाड्याने आणून, चाळीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघण्याचे दिवस आले. ते दिवस मलाही प्रिय आहेत. पण ते पिक्चर आज मोबाइलवर त्याहून स्वच्छ दिसतात. व्हीसीडी प्लेअरही घेऊ नका. मोझर बेअर कंपनीने २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी विकायला काढल्या तेव्हा घरोघरी त्यांचे गठ्ठे जमले. त्या वाजवायला वेगळं यंत्र लागत नाही. संगणकाला जोडायचा कुठलाही डीव्हीडी ड्राइव्ह त्या वाचतो आणि त्यातली फाइल सरळ उतरवून घेता येते. बारशाची किंवा शाळेच्या गॅदरिंगची व्हीसीडी असेल तर ती आजच उतरवा, पण त्यासाठी प्लेअरवर पैसे घालवू नका.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. दुकानात कन्व्हर्ट करून मिळतं, मग यंत्र कशाला? एकच कॅसेट असेल, ती चांगल्या स्थितीत असेल, तर मी हा आक्षेप मान्य करतो. दुकानात द्या आणि पेनड्राइव्ह घेऊन या. पण दुकानदारही तेच जुनं यंत्र वापरतो, त्याच्याकडेही कारखान्यातून नवं येत नाही. शिवाय तो कॅसेट बघत नाही, नुसती चालवतो. मंगलाष्टका संपल्या, वरात निघाली, पुढे पडद्यावर मुंग्या आल्या की टेप थांबवतो. घरचा माणूस तिथे थांबत नाही. त्याला ठाऊक असतं की त्या मुंग्यांनंतर पाच मिनिटांनी कॅमेरा पुन्हा सुरू झाला होता. मांडवाच्या मागे आचाऱ्याशी बोलत उभे असलेले आजोबा तिथेच आहेत आणि त्यांचा आवाज त्या घरात दुसऱ्या कशावरच नाही. अशी पाच मिनिटं शोधायला टेप पुढे-मागे करत बसावं लागतं. ते काम पैसे देऊन होत नाही.

इथे तुळिंजच्या घरांविषयी बोललं पाहिजे. या भागात आगरी, वाडवळ, आदिवासी ही जुनी वस्ती. १९८२ चा गिरणी संप बसला, मुंबईतल्या जागा परवडेनाशा झाल्या, तशी लालबाग-परळकडची, कोकणातली माणसं विरार लोकल धरून इकडे राहायला आली. त्यांच्या मुलांची लग्नं नेमकी त्या काळात झाली जेव्हा लग्नाचं शूटिंग व्हीएचएसवर होत होतं, साधारण ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांपर्यंत. त्या कॅसेटमध्ये फक्त नवरा-नवरी नाहीत. गावाकडचं कौलारू घर आहे, जे आता पडलं आहे. मोकळं शेत आहे, जिथे आता सात मजली इमारत आहे. आगऱ्यांच्या हळदीत धवलारीण लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, म्हणते आहे. वसई पट्ट्यातल्या वाडवळी, सामवेदी म्हाताऱ्यांची बोली आहे, जी त्यांच्या नातवंडांना आज नीट बोलता येत नाही. हे ध्वनिमुद्रण विद्यापीठाच्या कुणी ठरवून केलेलं नाही. शूटिंगवाल्याने नकळत केलं आहे.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. शूटिंगवाल्याने मिक्सिंग करून दिलेल्या कॅसेटवर बरेचदा सिनेमाची गाणी चढवलेली असतात. हृदयाच्या आकारात नवरीचा चेहरा, आणि खाली मूळ आवाज गायब. धवले त्यात नाहीत. पण मिक्सिंगआधीची मास्टर कॅसेट पुष्कळ घरांत तशीच पडून असते, लेबल नसलेली किंवा ‘रफ’ लिहिलेली. ती फालतू समजून आधी टाकली जाते. खरा आवाज तिच्यात असतो. हे ऐकून, बघून ठरवायचं तर यंत्र हाताशी हवं.

चौथा आक्षेप पैशांचा आणि जागेचा. वन रूम किचनमध्ये अडगळ कशाला? हे बोलणाऱ्याच्या घराची मला कल्पना आहे, म्हणून उत्तर देतो. यंत्र आयुष्यभर ठेवायचं नाही. काम होईपर्यंत ठेवायचं आणि शेजारच्या घराला द्यायचं. एका सोसायटीत एक चालू व्हीसीआर असला तरी पुष्कळ.

बिघडेल, सुटे भाग मिळणार नाहीत, हेही खरं. म्हणून डोळे उघडे ठेवून घ्यावा. घ्यायला जाताना गेली तरी चालेल अशी एक कॅसेट बरोबर न्यावी. प्ले, पुढे, मागे, बाहेर, चारही बटणं दाबून बघावीत. टेप गुंडाळून बसते का, चित्रावर आडव्या रेघा सरकतात का, आवाज येतो का, हे पाहावं. आतलं गोल ड्रम पॅल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि अर्धा इंच रुंदीच्या टेपवर तिरक्या रेघांत लिहिलेलं चित्र वाचतं. त्यावरचं हेड मळलं तर नुसत्या मुंग्या दिसतात. पुसायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमवर स्थिर धरावा आणि ड्रम हाताने हळू फिरवावं. वर-खाली घासलं की हेड तुटतं. रबरी पट्टे चिकट झालेले असले तर ते बदलणारा जुना टीव्ही मेकॅनिक शोधावा, अजून सापडतात. आपल्याकडच्या कॅसेट पॅल पद्धतीच्या आहेत, आखातातून आणलेली यंत्रं बहुधा चालतील. अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससीच्या असतात, त्यांना दोन्ही पद्धती वाचणारं मल्टिसिस्टिम यंत्रच लागतं.

कॅसेटही आधी तपासावी. बाजूची कळ दाबून पुढची झापड उचलली की टेप दिसते. रिळावर, खिडकीतून, पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. अशा कॅसेट वेगळ्या काढून जाणकाराकडे द्याव्यात. बुरशीचं कारण आपली दमट हवा, आणि नुकसान बुरशीपुरतंच नसतं. टेपवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने धरलेला असतो ते दमट हवेत हळूहळू फुटतं, आणि वसई-विरारचा पावसाळा चार महिने दमट असतो. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन गाड्या अडकल्या, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. तेव्हा काय काय भिजलं याची मोजदाद कुणी ठेवली नाही. आणि घरच गेलं तर? २०२४ च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत न्यायालयाच्या आदेशाने नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. घाईने निघालेल्या माणसाने गॅस सिलिंडर उचलायचा की कॅसेटचा खोका, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच वेळ हातात असताना हे काम उरकावं.

व्हीसीआरच्या मागच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरी आणि संगणक यांच्यामध्ये जोडायचं एक छोटं कॅप्चर यंत्र लागतं. टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ उतरवायला लागतो. तीन तासांची कॅसेट तीन तास. डीव्ही स्वरूपात ठेवलं तर तासाला सुमारे १३ जीबी जागा जाते, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या हिशोबात ती फार नाही. सुरुवात सगळ्यात जुन्या कॅसेटपासून आणि ज्यांत आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत त्यांच्यापासून करावी. प्रत दोन ठिकाणी ठेवावी, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा मामांकडे. मूळ कॅसेट उतरवून झाली तरी टाकू नये. आणि यंत्र रिकामं झालं की जिन्यावरच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावावी: व्हीसीआर चालू आहे, कुणाला कॅसेट बघायची असेल तर घेऊन जावा.