कसले हो हिरवे सोने!

एखाद्या फळाला कोणी ‘हिरवे सोने’ म्हणू लागले की शेतकऱ्याने आधी आपला खिसा चाचपून पाहावा. ॲव्होकॅडोचे सध्या असेच चालले आहे. एकरी लाखांचे हिशेब मांडणारे विद्वान आता आपल्याकडेही हिंडू लागले आहेत. त्यांनी एकदा केनियातल्या मुरांगा भागाची हकीकतही सांगावी.

मुरांगा हा तांबड्या मातीचा डोंगराळ मुलूख. माणशी जमीन थोडी, आणि पूर्वी तीत कॉफी. १९८९ साली कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला, भाव कोसळले, आणि पुष्कळांचे मन कॉफीवरून उडाले. मग मक्याच्या नि केळीच्या अधूनमधून ॲव्होकॅडोची पाच-दहा झाडे उभी राहिली. त्या झाडांनी पोरांच्या फिया भरल्या, हे कबूल करायला मला मुळीच जड जात नाही. माझे भांडण झाडाशी नाही. झाडाखाली गोणी पसरून उभ्या असलेल्या दलालाशी आहे.

हे फळ झाडावर पिकतच नाही, तोडल्यावर पिकते. ते जून झाले की नाही, हे नुसत्या नजरेला नीट कळत नाही. गरातले पाणी वगळून उरणारा अंश मोजावा लागतो. दलालाचे फावते ते इथेच. पोराची फी तुंबली की तो नेमका हजर! कोवळी फळे ओरबाडून नेतो आणि पैसे देतो नगावर. तेच फळ पुढे परदेशी जाते ते किलोवर. असले कोवळे फळ युरोपात पोहोचून सुरकुतते, रबरासारखे होते, आणि देशाचे नाव जाते. म्हणून अलीकडे वर्षअखेरीस समुद्रमार्गे होणारी निर्यात सरकारला काही काळ बंद ठेवावी लागते. आणि ठपका कोणावर? शेतकऱ्यावर! तो म्हणे अधीर! घरात दाणा नसलेल्याने फळ झाडावर राखावे, हा उपदेश भरल्या पोटी फार सुचतो.

बरे, फळ जून असले तरी सुटका नाही. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, आणि मोंबासाहून युरोपला निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. वाढलेल्या दिवसांत फळ पेटीतच मऊ पडते. हा भुर्दंड मागे सरकत सरकत शेवटी झाडाच्या बुंध्याशी येतो.

जगभर ज्या जातीचा डंका वाजतो, ती कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हॅस नावाच्या पोस्टमनने लावलेल्या रोपातून निघाली. १९३५ साली त्याने पेटंटही घेतले. पण बागाईतदारांनी एक झाड विकत घ्यायचे आणि त्याच्यावरून शेकडो कलमे बांधायची! पेटंटातून त्याला उभ्या आयुष्यात मिळाले सुमारे पाच हजार डॉलर. बिचारा टपालच वाटत राहिला.

मुरांगात काही शेतकऱ्यांनी गट करून निर्यातदारांशी किलोचा करार केला, हे खरे. पण निर्यातदाराचे पैसे पुढे कधीतरी यायचे. दलालाचे रोख, आज, हातावर. अशा वेळी करार मोडणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही. हंगामाआधी अडीनडीला उचल कोण देणार, आणि माल कोणाच्या काट्यावर तोलणार, हे दोन प्रश्न सुटल्यावाचून रोपांच्या गप्पा व्यर्थ आहेत.

परवा रोपे विकायला आलेल्या एका गृहस्थांना मी हेच दोन प्रश्न विचारले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या हातावर एक रंगीत पत्रक ठेवले.