हात न लावता पाळायचा प्राणी

काचेच्या टाकीत, पाणवनस्पतींच्या आडोशाला, बोटभर लांबीचा एक काळपट प्राणी निश्चल बसलेला असतो. वरून पाहिले तर ओली पाल वाटावी. तो काचेवर चढू लागला, की पोटावरचा लालभडक रंग आणि त्यावरची काळी नक्षी दिसते आणि पाहणाऱ्याचा घरी नेण्याचा विचार पक्का होतो. जपान आणि चीनमधले हे लाल पोटाचे न्यूट कित्येक दशकांपासून युरोप-अमेरिकेतल्या घरांत पाळले जातात. ते आवाज करत नाहीत, त्यांचे केस गळत नाहीत, आठवड्यातून दोन-तीनदा गांडुळाचे तुकडे मिळाले तरी त्यांचे भागते. म्हणून ‘मुलांसाठी सोपा प्राणी’ अशी त्यांची ख्याती झाली. ही ख्यातीच न्यूटच्या मुळावर येते.

न्यूट ही पाल नव्हे. तो बेडकाप्रमाणे उभयचर आहे. त्याच्या अंगावर खवले नाहीत. पातळ, ओलसर त्वचेतूनच तो बराचसा प्राणवायू घेतो आणि पाणीही शोषतो. त्यामुळे टाकीतल्या पाण्यात जे असेल, ते थेट त्याच्या शरीरात जाते: नळाच्या पाण्यातले क्लोरिन, त्याच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया, पाळणाऱ्याच्या हातावरचा साबण किंवा क्रीमचा अंश. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ते न्यूटला मानवेल असे नाही. म्हणूनच जाणकार आधी टाकी लावतात, पाण्यातला अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढू देतात आणि काही आठवड्यांनी प्राणी आणतात. दुकानातून दोन्ही एकाच दिवशी आणले, तर त्याची किंमत बहुधा न्यूट मोजतो.

पोटाचा लाल रंग हा इशारा आहे. धोका जाणवला की न्यूट हनुवटी आणि शेपूट वर उचलून शरीराची कमान करतो आणि पोटाचा रंग दाखवतो. त्याच्या त्वचेत टेट्रोडोटॉक्सिन असते. जपानमध्ये परवानाधारक आचाऱ्यांनीच हाताळावा असा दंडक असलेल्या फुगू माशातले विष ते हेच. धड कातडीला नुसता स्पर्श झाल्याने सहसा अपाय होत नाही. पण जखम, डोळे आणि तोंड यांच्याशी संबंध येऊ देऊ नये. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1979 मध्ये एका तरुणाने पैजेखातर तिथला खरबरीत त्वचेचा न्यूट गिळला आणि तो दगावला. लहान मूल असलेल्या घराने एवढे लक्षात ठेवावे. हात मात्र दोनदा धुवायचे: टाकीत घालण्यापूर्वी न्यूटसाठी, साबणाचा अंश न ठेवता, आणि नंतर स्वतःसाठी.

न्यूटच्या वागण्याचा अर्थ लावतानाही माणसे फसतात. तो सारखा काचेवर चढतो, तेव्हा घरच्यांना तो खेळकर वाटतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा पाणी बिघडलेले किंवा तापलेले असते आणि तो बाहेर पडू पाहत असतो. त्याला साधारण 16 ते 20 अंश सेल्सिअस तापमान मानवते. 25 च्या वर तो अस्वस्थ होतो, खाणे सोडतो. नागपूर किंवा पुण्यातला मे महिना आठवला, की पाणी थंड ठेवणारे यंत्र नसलेल्या टाकीत त्याचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. ओल्या पोटाच्या आधाराने तो उभी काच चढतो आणि झाकणाच्या फटीतून निसटतो. मग कपाटामागे त्याचा वाळलेला देह सापडतो. उलट, तो जुनी कात टाकून ती स्वतःच खातो, तेव्हा घाबरण्याचे कारण नसते. ते नेहमीचेच आहे.

तो सुखात असेल तर काय दिसते? नर मादीसमोर शेपूट हलवून तिच्याकडे गंधद्रव्य पाठवतो. जपानी शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये हे द्रव्य वेगळे केले आणि जुन्या जपानी काव्यातल्या, प्रिय व्यक्तीला बाही हलवून खुणावण्याच्या कल्पनेवरून त्याला ‘सोडेफ्रिन’ हे नाव दिले. पुढे मादी एकेक अंडे पाणवनस्पतीच्या पानात दुमडून ठेवते. असे दृश्य ज्या टाकीत दिसते, तिथे पाळणाऱ्याला बरेच काही जमले आहे असे समजावे.

न्यूटचे तुटलेले बोट, पाय, शेपूट पुन्हा येते. डोळ्यातले भिंगसुद्धा येते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानी न्यूटच्या डोळ्यातले भिंग 16 वर्षांत 18 वेळा काढले गेले आणि दर वेळी ते नव्याने, निर्दोष उगवले. अभ्यास संपला तेव्हा ते न्यूट किमान 30 वर्षांचे होते. म्हणजे दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला प्राणी त्याच्या लग्नापर्यंत घरात असू शकतो.

एका बुरशीपुढे मात्र ही ताकद चालत नाही. नेदरलँड्समधील फायर सॅलमँडर 2010 नंतर तीन वर्षांत सुमारे 96 टक्क्यांनी घटले. त्यांची त्वचा खाणारी बुरशी 2013 मध्ये ओळखली गेली. ती मूळची आशियातली असून पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात पोहोचली असावी, असे पुढच्याच वर्षी संशोधकांनी मांडले. आशियातले काही न्यूट ती अंगावर बाळगूनही जगतात. तिच्याशी कधी गाठ न पडलेले युरोपातले सॅलमँडर मरतात. अमेरिकेने 2016 मध्ये सॅलमँडर व न्यूटच्या 201 जातींच्या आयातीवर निर्बंध घातले, ते या भीतीनेच.

सह्याद्रीत शेपटीचे उभयचर नाहीत. भारतात ते पूर्व हिमालय आणि ईशान्येत आढळतात. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीत तर त्यांच्यासाठी अभयारण्य आहे. त्यांना पकडून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. पण परदेशी न्यूटचा कंटाळा आला म्हणून त्याला तळ्यात ‘मोकळे’ सोडणे, किंवा टाकीतले पाणी ओढ्यात ओतणे, हेही निरुपद्रवी नाही. त्यासोबत काय गेले, हे नेदरलँड्सलाही वेळेवर कळले नव्हते.

त्यामुळे न्यूट घ्यायचाच असेल, तर तो जंगलातून पकडलेला की बंदिवासात जन्मलेला, हे विक्रेत्याला आधी विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने परतावे. घरी आधी थर्मामीटर आणावा आणि एक उन्हाळाभर रिकाम्या टाकीतल्या पाण्याचे तापमान लिहून ठेवावे. ते आकडे पाहून अनेकांचा बेत बदलेल. तो बदलला, तर त्यात न्यूटचे काहीच बिघडणार नाही.