रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड आली. 80 हून जास्त माणसं गेली. महाड शहर तेव्हा पाण्यात होतं, वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद पडले होते, रस्ते तुटले होते. बचावपथकं गावात पोचली ती दुसऱ्या दिवशी. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी कोसळल्या. समजा, त्या दिवशी एखाद्या कार्यालयातल्या पडद्यावर गावांची यादी असती आणि गावाकडून संकटाचा निरोप आला की नावापुढे लाल ठिपका उमटायची सोय असती. तळीयेच्या नावापुढे काहीच उमटलं नसतं. निरोप द्यायला फोनच लागत नव्हता. पडद्यावर तळीये खुशाल दिसलं असतं.

लो-कोडची, म्हणजे फारसा कोड न लिहिता कामं आपोआप करवून घेणारी साधनं शिकवणारे लोक या न उमटलेल्या ठिपक्याबद्दल बोलत नाहीत. ते चौकटी आणि बाण दाखवतात: फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ, ओळ आली की अट तपासणी, अट जुळली की मेसेज. झॅपियर घ्या, पॉवर ऑटोमेट घ्या, एन-एट-एन घ्या, नाहीतर फुकटचं गूगल फॉर्म, शीट आणि ॲप्स स्क्रिप्ट. दुपारभरात अशी साखळी, म्हणजे फ्लो, चालू होतो आणि पहिला मेसेज आला की टाळ्या पडतात. ‘लो-कोड’ हे नाव फॉरेस्टर या संशोधन कंपनीनं 2014 मध्ये रूढ केलं, आणि तेव्हापासून ‘प्रोग्रॅमर लागत नाही’ ही जाहिरात चालली आहे. प्रोग्रॅमर लागत नाही हे खरं. पण काय काय बिघडेल याचा आधी विचार करणारं कुणीतरी लागतंच, आणि ते काम कुठलंही साधन करून देत नाही.

महाडच्या बाजारपेठेचंच उदाहरण घेऊ. तिथल्या दुकानदाराला पुराच्या वेळी एकच गोष्ट हवी असते: माल माळ्यावर चढवायला पुरेसा वेळ. सावित्री नदीची महाडची इशारा पातळी 6 मीटर, धोका पातळी 6.50 मीटर. तेव्हा कुणीही हौशी तरुण पहिला फ्लो असा बांधेल: पातळीची नोंद शीटमध्ये येते, आकडा 6 च्या वर गेला की सगळ्यांना मेसेज. दिसायला बरोबर, पण पाणी तोवर दारात आलेलं असतं. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला आणि पोलादपुरावरून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी आणि काळ मिळतात, आणि पुढे बाणकोटच्या खाडीत भरती असली की हे सगळं पाणी तुंबतं. म्हणून फ्लोची सुरुवात महाडच्या पातळीपासून नको, वर घाटमाथ्यावरच्या पावसापासून हवी, आणि भरतीचं वेळापत्रक सोबत हवं. ते वेळापत्रक आधीच छापलेलं असतं, शीटमध्ये वर्षातून एकदा भरून ठेवलं की झालं.

पावसाच्या आकड्याचीही गंमत आहे. हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतं. 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरचा आकडा जाहीर झाला, 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर. तो आकडा इतिहासासाठी मोलाचा, पण तोवर महाडात पूर येऊन बसला होता. फ्लोला दिवसाचा आकडा चालत नाही, तासाचा लागतो. महसूल मंडळांतून ‘महावेध’ची स्वयंचलित हवामान केंद्रं 2017 पासून उभी राहिली, त्यामुळे सतत नोंद घेणारी यंत्रं आज आहेत. जिथे यंत्र नाही तिथे शाळेतले सर किंवा पोलीस पाटील दर तासाला फोनवरून फॉर्म भरू शकतात. फॉर्ममध्ये रकाने तीनच असावेत. मुसळधार पावसात, एका हातात छत्री धरून दहा रकाने कुणी भरत नाही.

आता मुद्द्याचं. वीज गेली, यंत्र बंद पडलं किंवा सरांचा फोन लागेना, तर शीटमधली त्या तासाची चौकट रिकामी राहते, मग ती पावसाची असो की नदीच्या पातळीची. पातळीच्या रिकाम्या चौकटीची धोक्याच्या 6.50 शी तुलना केली, तर गूगल शीट तिला शून्य धरते. शून्य हे साडेसहाहून कमी, म्हणजे अट जुळत नाही, म्हणजे सगळं ठीक. ॲप्स स्क्रिप्टमध्येही रिकाम्या मजकुराशी तुलना करताना तेच होतं. म्हणजे नदी सर्वांत जास्त चढलेली असते नेमकी त्याच तासाला हा फ्लो ‘पाणी शून्य’ असं समजून गप्प बसतो. कुठेही चूक झाल्याची पाटी येत नाही, कारण त्याच्या हिशेबानं चूक झालेलीच नाही.

उपाय अगदी साधा आहे, दोन जास्तीच्या अटींचा. आकडा आहे का, हे आधी विचारायचं. तो किती जुना आहे, हे नंतर विचारायचं. आणि मगच तो किती आहे ते बघायचं. पोलादपूरहून तासाभरात नोंद आली नाही, तर ‘पोलादपूर गप्प आहे, शेवटची नोंद 3 वाजता 5.70’ असा वेगळा मेसेज गेला पाहिजे. पावसाळ्यात तो कधीकधी उगाच जाईल, जाऊ दे. तळीयेचा ठिपका याच अटीनं पेटला असता.

आणि फ्लो चालू आहे ना हे तपासणारा पहारेकरी त्याच खात्यावर, त्याच यंत्रावर नको. मुख्य फ्लो ॲप्स स्क्रिप्टमध्ये असेल तर पहारा दुसऱ्या सेवेवर, शक्यतो दुसऱ्या गावातल्या माणसाच्या खात्यावर ठेवावा. मुख्य फ्लोनं दर अर्ध्या तासानं ‘चालू आहे’ एवढं कळवायचं, आणि ते कळवणं थांबलं की पहाऱ्यानं ओरडायचं. ॲप्स स्क्रिप्ट स्वतः अपयशाची मेल पाठवते खरी, पण मूळ सेटिंग असतं दिवसातून एकदा एकत्र मेल पाठवण्याचं. पुराच्या रात्री फ्लो पडला हे दुसऱ्या दिवशी मेलमध्ये वाचायला मिळावं, हा विनोद मला अजून पचलेला नाही. ते सेटिंग बदलून ‘लगेच’ करता येतं. बहुतेकांनी ते उघडूनही पाहिलेलं नसतं.

याच्या उलटा रोग म्हणजे बडबड. पातळी 6.02 वर खेळते आहे, फ्लो दर दहा मिनिटांनी तपासतो आणि दर वेळी मेसेज टाकतो. पाचव्या मेसेजला लोक ग्रुप म्यूट करतात, सहाव्यात 6.50 ओलांडल्याचं लिहिलेलं असतं. म्हणून मागचा मेसेज काय गेला हे शीटच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावं आणि स्थिती बदलली तरच नवा पाठवावा. चढताना 6 ला इशारा दिला, तर उतरताना पाणी 5.80 पर्यंत खाली गेल्याशिवाय इशारा मागे घेऊ नये, नाहीतर लाटेगणिक ये-जा चालू राहील.

मेसेज जाणार कुठून, हेही आधीच पाहावं. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप मेसेज टाकायची अधिकृत वाट नाही. चोरवाटेनं टाकाल तर नंबर बंद होण्याची भीती. घाऊक एसएमएससाठी दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची आणि मजकुराची नोंदणी लागते, ती जुलैत धावपळीनं होत नाही. फुकटच्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्ट दिवसाला फक्त 100 जणांना मेल पाठवते, आणि बाजारपेठ 100 दुकानांची नाही. टेलिग्रामचा बॉट त्या मानानं सोपा. मजकुरात मात्र आकडा, ठिकाण आणि वेळ एवढंच असावं. ‘पूर येतोय, पळा’ असं लिहायचा अधिकार तहसीलदारांचा आणि नगरपालिकेचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशारा यंत्रणा आणि 2023 मध्ये ज्याची चाचणी आपण सगळ्यांनी दचकून ऐकली तो मोबाइलवरचा सरकारी भोंगा, ही कामं त्यांचीच राहावीत. दुकानदारांच्या फ्लोनं अफवेचा कारखाना होऊ नये.

एवढं करूनही 2021 सारखी रात्र आली तर टॉवर जातातच. म्हणून फ्लोचं शेवटचं टोक मोबाइलच्या पडद्यावर ठेवू नये. प्रत्येक आळीत एक माणूस ठरवावा. मेसेज मिळाल्यावर त्यानं ‘पोचलं’ असं दाबायचं आणि शेजारची दारं वाजवायची. दहा मिनिटांत ‘पोचलं’ आलं नाही, तर निरोप आळीतल्या दुसऱ्या माणसाकडे. त्याच्याकडूनही आलं नाही, तर ती आळी गप्प आहे असं धरून तिथे कुणीतरी पायी जायचं. आळीतून आवाज नाही म्हणजे तिथे निवांत झोपले असतील, असं समजणं महाडला तरी परवडणारं नाही.

हे सगळं मेमध्ये तपासावं, ऊन कडक असताना. मेसेजच्या सुरुवातीला ‘चाचणी’ लिहून शीटमध्ये 6.60 भरा, मग एका केंद्राची नोंद मुद्दाम थांबवा, आणि कुणाकुणाच्या फोनवर काय आलं ते विचारत बाजारपेठेतून एक चक्कर मारा. त्याआधी एक गोष्ट बघा: ट्रिगर, म्हणजे फ्लो आपोआप सुरू करणारी कळ, कुणाच्या खात्यावर आहे? ॲप्स स्क्रिप्टमध्ये ट्रिगर ज्यानं लावला त्याच्याच नावानं, त्याच्याच परवानगीनं चालतो, आणि बिघाडाची मेलही त्यालाच जाते. दोन वर्षांपूर्वी ज्या सरांनी हौसेनं हे बांधलं त्यांची बदली आता पनवेलला झालेली असेल, तर ती मेल पनवेलला उघडली जाईल. किंवा उघडली जाणारही नाही.