हिशोब भाऊबीजेला वाचावा

रोजकीर्द : न्हावरेकर

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो, पण ती उघडून वाचत नाही. पाटावर वही मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवायचा, शेजारी नवी केरसुणी ठेवायची आणि पाडव्याला वही परत कपाटात. माझं म्हणणं असं की ती आणखी एक दिवस बाहेर राहू द्यावी. भाऊबीजेला लेकी माहेरी येतात. ओवाळून झालं की, जेवणं व्हायच्या आधी, लेकी-सुनांसह सगळ्यांसमोर घरचा वर्षाचा हिशोब मोठ्यानं वाचावा. आमच्या घरी गेल्या काही दिवाळ्या आम्ही हे करतो आहोत, आणि ते घरोघरी व्हावं असं मला कळकळीनं वाटतं.

न्हावऱ्यात पैसा एका वाटेनं येत नाही. शिरूर-चौफुला रस्त्यावरचं आमचं गाव. एकाच घरात थोरल्याचा ऊस कारखान्याला जातो, धाकटा रांजणगावच्या एमआयडीसीत पाळीला जातो आणि गोठ्यातल्या दोन गायींचं दूध डेअरीला जातं. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी, कंपनीचा महिन्याला, कांद्याची पट्टी बाजारात माल विकेल तेव्हा. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण शेतकऱ्याच्या घरी बिल हप्त्याहप्त्यानंच येतं आणि शेवटच्या हप्त्याकडे डोळे लावूनच दिवाळीचा बाजार होतो. अशा घरात एकूण किती आलं आणि किती गेलं, हे एकाच माणसाला ठाऊक असतं. कधीकधी त्यालाही नसतं.

माझी स्वतःची मिळकत आता सरळ आहे. मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. सरकारी नोकरासारखी पेन्शन आम्हाला नाही. जी मिळते ती ईपीएस-९५ ची, जिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर थांबलेली आहे. सहकारी बँका, साखर कारखाने, सूतगिरण्या यांतून बाहेर पडलेल्या हजारो लोकांची हीच गत आहे आणि ही रक्कम वाढली पाहिजे, हे मी या सदरात लिहीतच राहणार. त्यामुळे खरा आधार फंडाच्या रकमेचा. ती मी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली. सध्याचा व्याजदर ८.२ टक्के. दहा लाख ठेवले तर तिमाहीला २०,५०० रुपये हातात येतात. एप्रिल २०२३ पासून या योजनेची मर्यादा पंधरा लाखांवरून तीस लाख झाली आहे. ही रक्कम कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते, हे माझ्या सुनेला माझ्याइतकंच तोंडपाठ आहे.

आधीच्या पिढीत हिशोब कागदावर होता आणि कागद घरात होता. माझे वडील लांबट वही वापरत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. ती देवघराच्या फळीवर असे, आणि आई शाळेत गेलेली नसली तरी थोरल्या बहिणीकडून वाचून घेई. दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कालनिर्णयवर, तारखेच्या चौकोनात. किराणा दुकानदाराच्या वहीत.

सगळ्यांत मोलाची वही आहेराची. लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात टेबल टाकून अक्षर चांगलं असलेला माणूस बसवायचा आणि कोणी काय आणलं ते लिहून घ्यायचं. आमच्या घरातली सर्वांत जुनी वही आत्याच्या लग्नातली. तिच्यात पातळं आहेत, टोपी-उपरणी आहेत, पितळेचा तांब्या आहे, रोख अकरा आणि एकवीस रुपये आहेत. पुढे ज्याच्या घरी कार्य निघेल त्याचं पान उघडायचं, त्यानं काय दिलं होतं ते पाहायचं आणि त्याहून थोडं चढतं न्यायचं. पडत्या काळात एखाद्यानं कमी दिलं तर वही त्याला बोल लावत नसे, पुढच्या कार्यात तो भरून काढी. ज्या काळात बँकेचं कर्ज गरिबाच्या दारात येत नव्हतं, त्या काळात लग्नाचा मोठा खर्च भावकीनं असा वाटून उचलला. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात. लग्नाचा खर्च मात्र कमी झालेला नाही. तो एकट्या बापाच्या डोक्यावर आला आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा विकला जातो. आहेर बंद करण्याऐवजी मंडप, डीजे आणि पंगतीतले पदार्थ कमी केले असते तर बरं झालं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्तीनंतर मी या वह्या संगणकात उतरवायला घेतल्या. मुलानं त्याचा जुना डेस्कटॉप घरी आणून दिला, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टायपिंग मी सावकाश शिकलो आणि स्प्रेडशीटमध्ये रकाने पाडले : तारीख, कोणाकडून, निमित्त, आलं, गेलं. वाटलं होतं त्याहून हे काम पुष्कळ खोल निघालं. देवनागरी आकडे टाकले तर माझ्या यंत्रावर बेरीज होईना, म्हणून आकडे इंग्रजी ठेवावे लागले. गावाचं नाव लोक न्हावरे लिहितात तसंच न्हावराही लिहितात. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला दोन गावं. आणि माणसांची नावं! वहीत ‘मळ्यातले तात्या’, ‘आप्पांची मधली’, ‘दौंडचे व्याही’ असं लिहिलेलं. एकच माणूस एका लग्नात आडनावानं, दुसऱ्यात नात्यानं. ही नावं जुळवायला मला पत्नी, वहिनी आणि आत्या यांच्याजवळ बसावं लागलं. कोणती मधली, कोणत्या आप्पांची, हे त्यांनाच माहीत होतं. घराच्या देण्याघेण्याचं निम्मं ज्ञान बायकांजवळ आहे आणि सही मात्र पुरुषाची, हे मला तेव्हा जसं दिसलं तसं बँकेतल्या सगळ्या नोकरीत दिसलं नव्हतं.

नव्या पद्धतीत भीतीही आहे. वडिलांची वही आजही उघडते, पण संगणकाच्या सुरुवातीच्या काळात एका जुन्या मराठी फाँटमध्ये लिहिलेल्या याद्या आज उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तो फाँट नव्या यंत्रावर नाही. त्यानंतर युनिकोड आलं म्हणून निदान पुढचं वाचता तरी येईल. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आमचं यंत्र त्यातलंच. बँकेचे व्यवहार त्यावर करणं आम्ही सोडलं. वहीचं काम चालू आहे, आणि दर दिवाळीला सगळ्या पानांचं प्रिंट काढून लाल कापडात बांधून ठेवतो. पूजा त्या प्रिंटची होते.

यापेक्षा मोठी भीती कुलपाची. फळीवरची वही कोणीही उघडू शके. फोन एकाच्याच अंगठ्यानं उघडतो. ठेव, विमा, म्युच्युअल फंड, उसाचं बिल, सगळ्याचा ओटीपी त्याच एका नंबरवर. माणूस गेला की घरचे पहिल्या महिन्यात ‘उगाच रिचार्ज कशाला’ म्हणून सिमकार्ड बंद पडू देतात, आणि बंद पडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो. कृपा करून असं करू नका. सगळी खाती वारसांच्या नावावर होईपर्यंत तो नंबर चालू ठेवा.

आमच्या नोकरीत काउंटरवर वारंवार दिसलेलं एक दृश्य सांगतो. दहाव्याचं उरकून बाई पोराला घेऊन येते, पदराच्या गाठीतून एक पासबुक काढते आणि विचारते, ‘‘साहेब, ह्यांचं आणखी कुठं काय होतं का?’’ आम्ही आमच्या शाखेतलं सांगणार, बाकीचं तिला कोण सांगणार? २०२४ च्या मार्चअखेर देशातल्या बँकांमध्ये कोणी न मागितलेल्या ठेवी ७८,२१३ कोटी रुपयांच्या होत्या. दहा वर्षं हालचाल नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या कोणी चोरलेल्या नाहीत, वारस आजही मागू शकतो. त्या शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केलं. पण आमच्या भागातला पुष्कळ पैसा पतसंस्थेत असतो, कारण तिथे टक्का-दीड टक्का व्याज जास्त. पतसंस्थेची ठेव उद्गमवर सापडत नाही, आणि बँकेच्या ठेवीला जसं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं तसं पतसंस्थेच्या ठेवीला नसतं. म्हणजे जो पैसा सर्वांत कमी सुरक्षित, तोच सर्वांत जास्त गुपित.

‘नॉमिनी लावलाय की’ म्हणून लोक निर्धास्त असतात. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा. मालक कोण ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. ज्यांचं कालनिर्णय आपल्या भिंतीवर आहे, त्या जयंत साळगावकरांच्या कुटुंबाचं प्रकरण या बाबतीत सगळ्यांनी समजून घ्यावं. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं, गुंतवणुकींना नॉमिनीही नेमलेले होते. तरी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की शेअर वा म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ नॉमिनी असल्यामुळे मालक होत नाही. एवढ्या जाणत्या घरात हे घडतं, तर नॉमिनीचा फॉर्म कोणाच्या नावानं भरलाय हे फक्त भरणाऱ्यालाच माहीत असलेल्या आपल्या घरांचं काय होईल? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, प्रत्येकाचा टक्का ठरवून. चार नावं लिहिण्याआधी चौघांना समोर बसवावं, एवढं तरी यातून घ्यावं.

आमच्या गावापासून जवळच, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती बाहेर काढली. तिच्यात पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार सापडलं. ते घर गावप्रमुखाचं असावं असं संशोधक मानतात. साठवणीची चावी एकाच्या दाराशी ठेवायची सवय आपल्या मातीत किती जुनी आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आता भाऊबीजच का, याचं कारण. लक्ष्मीपूजनाला लेकी सासरी असतात. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून झाला. पण गावोगावची रीत अशी की बापाच्या माघारी सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागतात आणि थोड्याच दिवसांत त्यांना तहसीलच्या गावी नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. साडी-चोळी होते, जेवण होतं. बहीण सही करते, कारण माहेर तुटू नये. तिनं हक्क सोडायचा की ठेवायचा ते तिनं ठरवावं, मी त्यात पडत नाही. पण काय सोडते आहे हे तिला ठाऊक असलं पाहिजे : किती एकर, कोणता गट, डोक्यावर सोसायटीचं कर्ज किती, ठेव किती. बापाच्या हयातीत, दरवर्षी, भावासमोर ते वाचलं गेलं असेल तर सही करताना किंवा नाकारताना ती अंधारात नसेल.

या सूचनेला गावात विरोध होतो, तो मी ऐकून घेतला आहे. जावयाला कळेल, सून माहेरी सांगेल, भावंडांत भांडणं लागतील. बँकेत मी भांडणं पाहिली ती बहुतेक बाप गेल्यावरची, आणि प्रत्येकात मूळ तक्रार ‘आम्हाला सांगितलं नाही’ हीच होती. गुप्ततेचा फायदा आता घराबाहेरचे लोकही घेतात. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे पहिली अट हीच घालतात की घरात कोणाला बोलायचं नाही. ज्या घरात पैशाबद्दल उघड बोलायची सवय आहे तिथे हा डाव लवकर मोडतो. आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हे मी नातवालाही शिकवलं आहे.

वाचन काही लांबत नाही. आधी जमिनी आणि त्यांचे गट, मग देणी, मग ठेवी आणि मुदती, मग कोणत्या खात्याला कोणता मोबाइल नंबर, शेवटी वर्षभरात आलेले-गेलेले आहेर. पासवर्ड वाचायचे नाहीत, ते बंद पाकिटात, आणि पाकीट कुठे आहे ते पत्नीला ठाऊक आहे.

२०२५ च्या भाऊबीजेला वाचून झाल्यावर धाकटी लेक म्हणाली, ‘‘आण्णा, विहिरीवरचं मीटर कोणाच्या नावावर आहे ते आलंच नाही.’’ ते अजून माझ्या आजोबांच्या नावावर आहे. बिल दर वेळी त्यांच्या नावानं येतं आणि आम्ही भरतो. सोलर पंपाचा अर्ज असो की वाटणी, कधीतरी ते नाव आडवं येणारच. नाव बदलायला सातबारा, वारसनोंद आणि चुलत भावांची संमती लागेल. दोघांच्या सह्या झाल्या आहेत, तिसरा पुण्यात आहे, तो मांडवगणच्या लग्नाला येणार आहे तेव्हा घेऊ. त्या लग्नात आहेर काय न्यायचा ते पान थोरलीनं काढून ठेवलं आहे.