नुसती बोली वाढवून मते मिळत नाहीत

शेतकरी बांधवांनो, बाजार समितीतला लिलाव तुम्हाला नवा नाही. एक व्यापारी बोली लावतो, दुसरा शंभराने वाढवतो आणि माल दुसऱ्याला जातो. पण पहिला रोख मोजतोय आणि दुसरा 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतोय, तर तुम्ही माल कोणाला घालाल? नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे नेमके हेच झाले.

महायुती सरकारने जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आणली. महिना १५०० रुपये ऑगस्टपासून बँक खात्यात पडू लागले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीजही जाहीर झाली. काँग्रेस आणि तिच्या आघाडीने काय उत्तर दिले? तुमचे १५०० तर आमचे ३०००. तुमचा सोयाबीनला ६००० चा शब्द तर आमचा ७००० चा. कर्जमाफी दोघांचीही. एकाच्या हातात तिजोरी, दुसऱ्याच्या हातात जाहीरनामा. उधारीवर बोली लावणाऱ्याकडे गिऱ्हाईक फिरकले नाही. लोकसभेला राज्यात १७ जागा लढवून १३ जिंकणारी काँग्रेस सहा महिन्यांत विधानसभेला १०१ जागा लढवून १६ वर आली.

लोकसभेचे यश तरी कशाने मिळाले होते? डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. सोयाबीन आणि कापूस पडेल भावात गेला. तुमच्या मनातला राग मतपेटीत उतरला. हा राग काँग्रेसने पेरलेला नव्हता, तिने फक्त कापणी केली. शेतात आपण दुसऱ्या पिकासाठी पुन्हा नांगरतो, खत घालतो. काँग्रेसला वाटले, खोडव्यावरच भागेल.

त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या खाली विकला जात होता. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून ट्रॉल्या परत फिरत होत्या. मतदान तोंडावर आल्यावर ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के झाली. पुढे बारदाना नाही म्हणून खरेदी अडली. सत्तेबाहेरच्या पक्षाला रोख वाटता येत नाही हे खरे, पण लढा उभा करता येतो. प्रत्येक केंद्रावर कार्यकर्ते बसवून 'माल घेतल्याशिवाय उठणार नाही' म्हणता आले असते. ७००० च्या जाहिरातीपेक्षा ४८९२ मिळवून देणारा माणूस शेतकऱ्याने लक्षात ठेवला असता.

हे काल-परवाचे नाही

स्वामिनाथन आयोगाने २००६ पर्यंत आपले अहवाल दिले. उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के धरून हमीभाव द्या, ही त्यातली शिफारस आज सगळे पक्ष तोंडी लावतात. तेव्हा केंद्रात काँग्रेसचेच सरकार होते आणि २०१४ पर्यंत राहिले. ती शिफारस काही अमलात आली नाही. २००८ ची कर्जमाफी मोठी होती, पण पूर्ण माफीला दोन हेक्टरची, म्हणजे पाच एकरांची अट होती. पाच एकर बागायतीवाला त्यात बसला, यवतमाळचा सात एकर कोरडवाहू कापूसवाला बसला नाही. त्याला २५ टक्के किंवा वीस हजार रुपये, जे जास्त तेवढीच सवलत, तीही उरलेली रक्कम भरली तर. सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते.

२०१९ च्या लोकसभा जाहीरनाम्यात काँग्रेसने बाजार समिती कायदा रद्द करण्याचे वचन दिले. पुढच्याच वर्षी केंद्राने समितीबाहेर खुला व्यापार करणारा कायदा आणला तेव्हा हाच पक्ष विरोधात उभा राहिला. विरोध योग्यच होता. पण एका तोंडाने दोन गोष्टी बोलणाऱ्यावर गावाने विश्वास कसा ठेवायचा?

याच पक्षाच्या राजवटीत २००५ चा रोजगार हमी कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा झाला, हे नाकारता येणार नाही. तेव्हा डाव्या पक्षांचे साठच्या आसपास खासदार बाहेरून पाठिंबा देत होते आणि रस्त्यावर आदिवासी, शेतमजूर यांच्या संघटना होत्या. म्हणजे खालून रेटा असला की काँग्रेस हलते. रेटा सैल झाला की पुन्हा कारखानदार आणि बँकांच्या संचालकांकडे वळते.

कारखान्यावर उभा पक्ष

ग्रामीण महाराष्ट्रात काँग्रेस उभी राहिली ती साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक यांवर. संस्था सांभाळायची तर सरकार सांभाळावे लागते. म्हणून सत्ता गेली की नेतेही जातात. २०१९ मध्ये विधानसभेतले विरोधी पक्षनेते राधाकृष्ण विखे पाटील थेट मंत्रिमंडळात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले. दरवेळी पक्षाने गद्दारी म्हणून हाकाटी केली आणि पुन्हा तशाच घराण्यात उमेदवार शोधला. सोलापूर शहर मध्यला कामगारांचे नेते नरसय्या आडम यांच्यासमोर काँग्रेसने स्वतःचा उमेदवार दिला. दोघेही पडले, जागा भाजपला गेली.

या राजकारणात शेतकरी म्हणजे सातबारावर नाव असलेला पुरुष. बटाईने करणारा, ऊसतोड जोडपे, नवऱ्याच्या नावच्या रानात राबणारी बाई, यांना कर्जमाफीत जागा नाही. १५०० रुपये आधी त्याच बाईपर्यंत पोचले. ते मतांसाठी होते, मान्य. पण तिच्या मजुरीचा, सातबारावरच्या नावाचा प्रश्न काँग्रेसने किती वर्षे विचारला होता?

काँग्रेसवाले म्हणतील, मतदार याद्यांत घोळ झाला, पैसा वाहिला. याद्यांची चौकशी जरूर व्हावी. पण ज्या गावात पक्षाची शाखा वर्षभर बंद असते, तिथे यादी तपासायला तरी कोण बसणार?

निवडणुकीनंतर काय झाले तेही बघा. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनीच ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा असे सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडू, राजू शेट्टी आणि किसान सभेचे अजित नवले नागपुरात ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर बसले, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेऊ, असे सरकारला म्हणावे लागले. तो रेटा राज्यातल्या जुन्या, मोठ्या विरोधी पक्षाने उभा केलेला नव्हता.

तेव्हा सरपंच मंडळी आणि शेतकरी भावा-बहिणींनो, पुढे कोणी 'आमचे सरकार आले तर इतके देऊ' म्हणत दारी आला, तर रक्कम विचारू नका. खरेदी केंद्र बंद होते तेव्हा तुम्ही कुठे होता? हमीभावाचा कायदा करणार का, आणि कधी? बटाईदाराला पीककर्ज मिळेल का? हे तीन प्रश्न ग्रामसभेत, सगळ्यांसमोर विचारा. उत्तर द्यायला जो थांबेल, त्याच्याशी पुढचे बोलू.