कोषातला किडा कोणाचा?

यंदा आमच्या वर्गात एका कल्पनेवर बराच खल झाला. पदवी घेतल्यावर पुण्याच्या गाडीत बसण्याऐवजी गावातच काही उद्योग काढावा, किड्यांच्या प्रथिनांपासून पौष्टिक खाऊ करून विकावा आणि नफ्यातला मोठा वाटा गावातल्या बचत गटांना द्यावा, अशी ती कल्पना. ती मांडली गेली तेव्हा अर्धा वर्ग हसला. उरलेल्या अर्ध्याने तोंडे वाकडी केली. दोन-चार मित्र मात्र इतके भारावले की त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाकिटाचे चित्रही काढून आणले. हसून किंवा किळस करून असा प्रश्न सुटत नाही आणि नुसत्या उत्साहानेही सुटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम किळसेविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जगातील सुमारे दोनशे कोटी माणसांच्या आहारात कीटकांना स्थान आहे आणि खाल्ल्या जाणाऱ्या कीटकांच्या जाती एकोणीसशेच्या वर आहेत, असे त्यात नमूद आहे. युरोपीय संघाने २०२१ मध्ये एका भुंगेऱ्याच्या वाळवलेल्या अळीला अन्न म्हणून परवानगी दिली. सिंगापूरने २०२४ मध्ये एकदम सोळा जातींना दिली. इतक्या दूरही जायला नको. आपल्या गडचिरोलीत माडिया बांधव लाल मुंग्यांची चटणी खातात. ओरिसातील मयूरभंजच्या तशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे आपल्या पैठणीला जो मान आहे तोच.

पैठणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. ज्या रेशमी वस्त्राला आपण सोवळे म्हणतो, जे नेसून पूजा करतो, ज्याची साडी तुळजापूरला आईच्या ओटीत घालतो, ते वस्त्र कोषातला जिवंत किडा उष्णतेने मारल्याशिवाय सहसा निघत नाही. गोळ्या-चॉकलेटांवर जी चकाकी असते तिच्यात पुष्कळदा लाखेच्या किड्याचा अंश असतो. मध तर आपण बाळाला बोटाने चाटवत आलो. तेव्हा शुद्ध काय आणि ओंगळ काय, हे ठरवताना आपण किड्याला फार काही विचारलेले दिसत नाही. किळस शिकवलेली असते, तशी ती विसरताही येते. या मुद्द्यावर मी उत्साही मित्रांच्या बाजूची आहे.

परंतु त्यांच्या योजनेतला पुढचा भाग मला पटत नाही. त्यांना रातकिडे पाळायचे आहेत. रातकिड्याला ऊब लागते आणि आमच्या तामलवाडीच्या उन्हाळ्यात उबेची वाण नाही, हे खरे. किडा थंड रक्ताचा. अंग ऊबदार ठेवण्यासाठी त्याला चारा जाळावा लागत नाही, म्हणून गाईगुरांच्या मानाने तो कितीतरी कमी खाद्यात तेवढेच प्रथिन देतो, हेही खरे. पण ही तुलना गाईशी आहे. कोंबडीशी केली तर हिशेब बदलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये रातकिड्यांना वेगवेगळे खाद्य घालून पाहिले. कोंबडीच्या तोडीचे धान्यखाद्य घातले, तेव्हा प्रथिनांच्या हिशेबात रातकिडा कोंबडीच्या फारसा पुढे गेला नाही. निकृष्ट टाकाऊ माल घातला, तेव्हा बहुतेक किडे वाढण्याआधीच मेले. याचा आमच्यापुरता अर्थ असा की, तुळजापूर तालुक्यातला सोयाबीन विकत घ्यायचा, तो रातकिड्यांना चारायचा आणि त्यांची पूड करून पुण्यात विकायची. सोयाबीन स्वतःच प्रथिनांनी भरलेला. मग मधल्या किड्याचे प्रयोजन काय? नवलाई, एवढेच. नवलाईवर उद्योग किती दिवस टिकतो, हे फ्रान्समधल्या यिन्सेक्त कंपनीने दाखवले आहे. २०११ साली निघालेली, कोट्यवधी युरोंचे भांडवल जमवलेली ही कंपनी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली.

याउलट एक किडा आपल्या जिल्ह्यात आधीच पाळला जातो, त्याच्या चाऱ्याचा खर्च आधीच झालेला असतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही. तो म्हणजे रेशमाचा किडा.

माझे मामा कळंबच्या बाजूला राहतात. त्यांच्या एक एकर तुतीवर आणि पत्र्याच्या शेडवर त्यांचे घर चालते. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत तुती पुष्कळ वाढली. रोजगार हमीतून लागवडीची मजुरी मिळू लागली आणि २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ निघाली. त्याआधी माल विकायला थेट कर्नाटकात रामनगरला जावे लागे. मामांना विचारले की ते सांगतात: शंभर अंडीपुंजांमागे साधारण साठ-सत्तर किलो कोष पडतात. अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत पंचवीस-अठ्ठावीस दिवस. त्यात शेवटचे सात-आठ दिवस घरातल्या कोणाला धड झोप नाही, कारण अळी रात्रंदिवस पाला खाते. शेकडो अळ्या एकदम पाला खातात तेव्हा शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. शेजारच्या द्राक्षबागेतली फवारणी वाऱ्याने तुतीवर आली तर मात्र सगळी बॅच हातची जाते.

आता या कोषाचे वजन फोडून पाहावे. चांगल्या दुबार संकरित कोषात धाग्याचे कवच वजनाने पाचवा हिस्सा असते आणि चार हिस्से आतला किडा. म्हणजे शंभर किलो ओल्या कोषांत सुमारे ऐंशी किलो किडा. त्यातले तीन-चतुर्थांश पाणी काढले तर वीस किलो सुका माल उरतो आणि त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक प्रथिन असते. दहा किलोच्या वर प्रथिन, शिवाय पाच-सहा किलो तेल! कोरियात हाच किडा शिजवून रस्त्याच्या कडेला कागदी पेल्यांत विकतात, डबाबंदही करतात. आसामात एरंडावरच्या रेशीम अळीचा कोष धाग्यासाठी आणि किडा स्वयंपाकासाठी, असा दुहेरी उपयोग पूर्वापार आहे. आपल्याकडे कोषाचा भाव ठरतो तो धाग्याच्या प्रतीवर. आतला किडा कोषाबरोबर गाडीत बसून जिल्ह्याबाहेर जातो, धागा काढणाऱ्याच्या कढईत शिजतो आणि त्याचे पुढे जे काही होते, त्यातला एक पैसाही मामांकडे परत येत नाही. लोकसेवेचा उद्योग काढायचा असेल, तर त्याचे पहिले खाते येथे उघडले पाहिजे.

मग याच किड्याचा खाऊ का करू नये? करावा, पण आज नव्हे. कढईतून निघालेला किडा काही तासांत नासू लागतो, त्याची दुर्गंधी दूरवर जाते. वाळवला तरी त्यातले तेल खवट होते, म्हणून तेल वेगळे काढावे लागते. पोळपाट-लाटणे आणि शेगडी एवढ्यावर ते होत नाही. माझी आई ज्या बचत गटात आहे तो गट कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोलापूरच्या दुकानांना पुरवतो. भाजणे, कुटणे, तोलणे, पाकीट बंद करणे यांत त्या बायांचा हात कोणी धरणार नाही. पण त्यांच्यापैकी कोणाकडे वाळवणीचे यंत्र नाही. दुसरे म्हणजे कायदा. आपल्याकडे ज्या पदार्थाचे मानक ठरलेले नाही, त्याला २०१७ च्या नियमांनुसार अन्नसुरक्षा प्राधिकरणाची आगाऊ मंजुरी लागते. त्यासाठी कागदपत्रे आणि चाचण्या, म्हणजे पैसा. आणि ज्यांना कोळंबी, खेकडा यांची अॅलर्जी आहे त्यांना किड्याचीही होऊ शकते. हे पाकिटावर ठळकपणे छापल्याशिवाय असा खाऊ विकणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

हे सारे अडथळे पैशाने आणि चिकाटीने दूर होतील. माझी खरी हरकत वेगळी आहे. आमच्या मित्रांच्या आराखड्यात एक वाक्य आहे: 'अंगणवाडी, आश्रमशाळा व दुष्काळी कामे येथे पुरवठा.' हे वाक्य त्यांनी चांगल्या हेतूने लिहिले, यात शंका नाही. पण ते वाचून मला आजीची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे. रेशनवर परदेशी लाल ज्वारी मिळे, तिला लोक मिलो म्हणत. कामावर सुकडी मिळे. आजी म्हणते, "पोट भरलं, पर चव अजून कडूच हाय." मिलोत पोषण नव्हते असे नाही. अमेरिकेत ती जनावरांना घालतात, हे कळले तेव्हा लोकांचा घास अडखळला. जगवणाऱ्या अन्नानेच माणसाला त्याची पायरी दाखवली. आज आमच्या घरी कोणी बेचव भाकरी केली तर आजी अजून "मिलो केलीस का?" असे विचारते.

गरिबाच्या ताटात काय पडते यावरून त्याची जात आणि किंमत ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. ज्या पदार्थांच्या नुसत्या नावाने शेजारची आळी नाक मुरडत असे, त्यांची कृती तिथे मिठामसाल्यासह दिली आहे. आमच्या प्रत्येक उद्योजक मित्राने ते वाचावे, असे मी सुचवीन. ज्या समाजाने शतकानुशतके काही माणसांना त्यांच्या खाण्यावरून नावे ठेवली, तिथे 'हे किडे खातात' हे नवे नाव कोणाला चिकटेल? पुण्यातल्या व्यायामशाळेत महागडे पाकीट फोडणाऱ्या तरुणाला तर नक्कीच नाही. तो 'आधुनिक' ठरेल. नाव चिकटेल ते आश्रमशाळेतल्या पोराला.

अंड्याचे काय झाले ते पाहा. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. त्यावर वाद झाले, विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधीच बंद झाला. जिथे अंडे टिकले नाही तिथे अळी टिकेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आणि टिकलीच, तर ती वरच्या वर्गाच्या मुलांना चुकवून खालच्यांच्याच पानात टिकेल, ही मला अधिक भीती वाटते.

तेव्हा क्रम असा असावा, असे मला वाटते. कोषाचा धागा शक्य तितका जिल्ह्यातच काढला जावा. दोन-तीन तालुक्यांच्या शेतकऱ्यांनी मिळून एक यंत्र आणले तरी पुष्कळ. शिजलेला किडा तिथेच वाळवावा आणि पहिली काही वर्षे तो कोंबड्यांना आणि माशांना घालावा. कोंबडीला किड्याची किळस नाही. उकिरडा उकरून ती तेच शोधते. पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यात २०२० साली टोळधाड आली, तेव्हा गावकऱ्यांनी रात्री टोळ पकडून किलोला वीस रुपये दराने विकले आणि ते कोंबडीखाद्याच्या गिरणीत गेले. बंगळूरची लूपवर्म ही २०१९ मध्ये निघालेली कंपनी रेशीमकिड्यांपासून मासे व पाळीव प्राणी यांचे खाद्य बनवते. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. गावातल्या बाईच्या दारात दहा गावरान कोंबड्या धष्टपुष्ट झाल्या, तर तिच्या मुलाला सरकारच्या निधीवाचून अंडे मिळेल आणि त्याला कोणी नाव ठेवणार नाही.

त्यानंतर खाऊ. तो सर्वांत आधी त्यांना विकावा ज्यांना न घेण्याची मुभा आहे: शहरातल्या, पैसे मोजणाऱ्या, कुतूहल असणाऱ्या गिऱ्हाइकाला. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एक टेबल मांडले तरी सुरुवात होईल. प्राध्यापक मंडळींनी पहिला घास घ्यावा, अशी आमची नम्र विनंती राहील! त्यांनी खाल्ला, आपण खाल्ला, मागून पुन्हा खाल्ला, तर मग आश्रमशाळेचा विचार करू. तोही तिथल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना विचारून. आणि कोषाच्या भावात किड्याचा वाटा किती, हे शेतकऱ्याच्या पावतीवर वेगळ्या ओळीत लिहिलेले असावे. नफ्यातून दानधर्म करण्यापेक्षा ती एक ओळ मला अधिक समाजसेवेची वाटते. दान थांबवता येते. पावतीवरची ओळ वजा करायची तर कोणाला तरी तोंड उघडून सांगावे लागते.

राहता राहिले ते पाकिटाचे चित्र. मित्रांनी मोठ्या हौसेने काढले आहे. रंग सुरेख, अक्षर वळणदार. वर उगवता सूर्य आहे, खाली गव्हाची ओंबी आहे. किडा मात्र कुठेच नाही, त्याचे नावही मागच्या बाजूला बारीक टाइपात. हे चित्र आधी बदलावे आणि समोरच्या बाजूला कोष काढावा, एवढी सूचना मी त्यांना केली आहे. ते विचार करतो म्हणाले आहेत.