एक गडी नको, पूर्ण तुकडी मोजा!

खो-खोतील बरोबरीच्या निकालाबाबत धाराशिव जिल्ह्यातील खेळाडू, प्रशिक्षक, पंच, पालक आणि स्पर्धा संयोजकांना जाहीर आवाहन



खो-खोच्या बाद फेरीचा सामना डोळ्यांपुढे आणा. दोन डाव, चार पाळ्या, प्रत्येक पाळी ९ मिनिटांची. ३६ मिनिटे पोरी जिवाच्या आकांताने पळतात, सूर मारतात, गुडघे सोलून घेतात आणि गुणफलक सारखा राहतो. मग जादा डाव होतो. त्यात आणखी १८ मिनिटे जातात आणि तरीही बरोबरी सुटत नाही. आता लघुत्तम आक्रमण. एक संघ आक्रमणाला बसतो, समोरचा पहिला गडी बाद झाला की घड्याळ थांबते. मग दुसरा संघ आक्रमणाला बसतो. ज्याने पहिला गडी कमी वेळात टिपला, तो जिंकला.

५४ मिनिटांच्या खेळाचा निकाल कधी कधी १०-१५ सेकंदांत लागतो. आमचे म्हणणे असे की हा निकाल खो-खोचा नाही. लघुत्तम आक्रमण राहू द्या, पण त्यात एक गडी मोजू नका. तीन गड्यांची पूर्ण तुकडी बाद करायला लागलेला वेळ मोजा.

हे धाराशिवने का बोलावे?

कारण हा खेळ इथे केवळ शाळेच्या तासापुरता नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५५ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आपल्याच धाराशिव शहरात झाली आणि महाराष्ट्राच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद घेतले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. ज्या जिल्ह्याने या खेळाला इतके दिले, त्याला नियमांबद्दल बोलण्याचा हक्क आहे आणि ती त्याची जबाबदारीही आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. पावसाने दगा दिलेल्या शिवारातून आलेल्या मुलीसाठी खो-खो हा पुढे जाण्याचा एक खरा रस्ता आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. पण त्यासाठी तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून विभागाला आणि तिथून राज्याला पोहोचावे लागते. या वाटेवरच्या प्रत्येक सामन्यात एक संघ पुढे जातो आणि दुसरा घरी. घरी जाणाऱ्या मुलीला आपण कशामुळे हरलो हे कळले पाहिजे, आणि ते कारण खेळातले असले पाहिजे.

आजचा नियम काय मोजतो?

खो-खोत संरक्षण एकट्याचे नसते. तीन गडी एकत्र उतरतात. एक जण आक्रमकाला खांबापर्यंत खेचून नेतो, हुलकावण्या देतो, तेवढ्यात बाकीचे दोघे दम खातात. अनुभवी गडी मुद्दाम अंगावर आक्रमण घेतो आणि नवख्याला वाचवतो. पहिला बाद झाला की उरलेल्या दोघांचा कस लागतो, आणि शेवटचा एकटा उरतो तेव्हा तर संघाची खरी ताकद दिसते. लघुत्तम आक्रमणात यातले काहीच शिल्लक राहत नाही. तिघांपैकी जो जवळ आहे, जो थकलेला आहे, त्याला हेरायचे. तो बाद झाला की संपले. उरलेल्या दोघांनी किती वेळ झुंज दिली असती, हे कुणी विचारत नाही.

आक्रमणाचेही तेच. पाटीवर आठ जण बसलेले असतात. दोन-तीन खोंत पहिला गडी सापडला तर त्यांतल्या अर्ध्याहून अधिक जणांना उठण्याचीही वेळ येत नाही. सांघिक खेळाचा निकाल तीन-चार जणांवर लागतो. मुरमाच्या मैदानावर एका गड्याचा पाय घसरला, तर त्या एका पावलावर साऱ्या वर्षाची मेहनत जाते. तुकडी मोजली तर घसरलेल्या गड्याची चूक भरून काढायला मागे दोन जण उभे असतात.

आता घड्याळाचे पाहा. तालुक्याच्या मैदानावर वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर घेतली जाते. शिट्टी वाजणे आणि अंगठा दाबला जाणे यांत अंतर पडतेच. तो वेळाधिकाऱ्याचा दोष नाही, माणसाच्या हाताची ती मर्यादा आहे. ११ सेकंद आणि १२ सेकंद यांतून विजेता ठरवायचा असेल, तर ती मर्यादा निकाल फिरवू शकते. पूर्ण तुकडीची वेळ मिनिटांत जाते आणि दोन संघांतील फरकही सहसा मोठा पडतो. मग अंगठ्याच्या उशिराला महत्त्व उरत नाही.

इतर खेळांनी काय केले?

बरोबरीचा निकाल चुकीच्या मापाने लागतो, हे लक्षात आल्यावर मोठमोठ्या खेळांनी नियम बदलले आहेत. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत राहिला, सुपर ओव्हरही बरोबरीत राहिली आणि चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंड विजेता ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढून टाकला. कुस्तीत काही वर्षे गुणविरहित फेरीनंतर थैलीतून रंगीत चेंडू काढला जाई आणि ज्याचा रंग निघेल त्या मल्लाला पकडीचा फायदा मिळे. २०१३ मध्ये तोही प्रकार बंद झाला.

अमेरिकन फुटबॉलमधील वाद तर आपल्या विषयाला अगदी लागून आहे. जानेवारी २०२२ मध्ये बफेलो आणि कॅन्सस सिटी यांचा बाद फेरीचा सामना ३६-३६ असा बरोबरीत राहिला. जादा वेळेची नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली, पहिल्याच चढाईत टचडाऊन केला आणि सामना तिथेच संपला. बफेलोच्या आक्रमणाला चेंडूच मिळाला नाही. देशभर ओरड झाली. दोनच महिन्यांत बाद फेरीसाठी नियम बदलला आणि दोन्ही संघांना चेंडू मिळण्याची हमी दिली गेली. २०२५ पासून साखळी सामन्यांनाही ती लागू झाली. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोल या अंतिम सामन्यात या नव्या नियमाने निकाल लागला, तेव्हा हरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी सांगितले की बदललेला नियम त्यांना माहीतच नव्हता. यातून दोन धडे मिळतात. नियम बदलता येतो, आणि बदललेला नियम शेवटच्या खेळाडूपर्यंत पोहोचवावा लागतो.

आक्षेप आणि आमचे उत्तर

‘दोन्ही संघांना सारखीच संधी मिळते, मग अन्याय कुठे?’ संधी सारखी आहे, हे आम्हाला मान्य आहे. त्या बाबतीत आपला नियम अमेरिकेच्या जुन्या नियमापेक्षा चांगलाच आहे. पण संधी सारखी असणे पुरेसे नाही. परीक्षा त्याच खेळाची असायला हवी, आणि ती पूर्ण संघाची असायला हवी.

‘वेळ कुठून आणायचा? दिवसभरात एवढे सामने, मैदानावर दिवे नाहीत.’ हिशोब करून पाहा. ९ मिनिटांच्या पाळीत ९ गडी बाद झाले तर तीन तुकड्या होतात, म्हणजे एका तुकडीला सरासरी ३ मिनिटे. दोन्ही संघ मिळून ६ मिनिटे. जिथे ५४ मिनिटे दिली, तिथे ही ६ मिनिटे जड होऊ नयेत.

‘नियम भारतीय खो-खो महासंघ ठरवतो, आपण कोण?’ महासंघाचे अधिकृत सामने महासंघाच्या नियमानेच व्हावेत. पण गावोगावच्या निमंत्रित स्पर्धांत प्रयोग करायला कुणाची आडकाठी असू नये. खो-खो बदलतच आला आहे. मातीवरून मॅटवर आला. लीग आणि विश्वचषकात कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वझीर’ आला, आणि तुकडी ठरावीक वेळेहून जास्त टिकली तर संरक्षण करणाऱ्या संघाला गुण देणारा ‘ड्रीम रन’ आला. टिकून राहणाऱ्या तुकडीला मोल आहे, हे त्या नियमाने मान्य केले. मग सर्वांत अटीतटीच्या क्षणी ते मोल का नाकारायचे?

आमच्या मागण्या

१. लघुत्तम आक्रमणात पहिल्या गड्याऐवजी तीन गड्यांची पूर्ण तुकडी बाद करायला लागलेला वेळ मोजावा. ९ मिनिटांत तुकडी बाद झाली नाही, तर जास्त गडी टिपणारा संघ विजयी. गडीही सारखे असतील, तर शेवटचा गडी कमी वेळात टिपणारा विजयी.

२. त्यासाठी पुन्हा नाणेफेक नको. सामन्याच्या सुरुवातीची नाणेफेक जो संघ हरला, त्याला आक्रमण की संरक्षण हे निवडू द्यावे. एका सामन्यात नशिबाला एकदाच संधी पुरे.

३. बरोबरीचा निकाल कसा लावणार, हे प्रत्येक संयोजकाने स्पर्धेच्या पत्रकात स्पष्ट छापावे आणि पहिल्या सामन्याआधी सर्व कर्णधारांना वाचून दाखवावे.

४. दोन स्वतंत्र वेळाधिकारी नेमावेत आणि दोघांच्या नोंदी गुणपत्रकावर लिहाव्यात.

संयोजकांना विनंती की येत्या हंगामात आपल्या निमंत्रित स्पर्धेत हा प्रयोग करा. पंचांना विनंती की अशा प्रत्येक सामन्यात पहिल्या गड्याची वेळ आणि पूर्ण तुकडीची वेळ अशा दोन्ही लिहून ठेवा. त्या नोंदींवरून दोन मापांनी निकाल किती वेळा वेगळा लागतो, ते समोर येईल. प्रशिक्षकांना विनंती की त्या नोंदी जिल्हा संघटनेकडे द्या. जिल्हा संघटनेला विनंती की त्यांच्या आधारे महाराष्ट्र खो-खो असोसिएशनमार्फत भारतीय खो-खो महासंघाकडे लेखी प्रस्ताव पाठवा.

आणि पालकांनो, तुमची मुलगी पुढच्या सामन्याला जाईल तेव्हा संयोजकांना एवढेच विचारा: बरोबरी झाली तर निकाल कसा लावणार? प्रत्येक मैदानावर हा प्रश्न विचारला गेला, तर नियम बदलायला वेळ लागणार नाही.

पत्रक वाचा, पटले तर दुसऱ्याच्या हाती द्या. पटले नाही तर मैदानावर भेटून वाद घाला. पण गप्प बसू नका.

आपले,
धाराशिव जिल्ह्यातील खो-खोप्रेमी